लसावि शिकवायचाय? चादर पसरा

पोरगं लसाविला घाबरतंय? पुस्तक मिटा, कपाटातली सोलापुरी चादर जमिनीवर पसरा. नक्षी बोटांनी मोजायला लावा. समजा एक फूल दर 6 बोटांनी परत येतं, शेजारचा चौकोन दर 8 बोटांनी. दोन्ही पुन्हा एका रेषेत कधी येणार? उत्तर सांगू नका, मोजू दे. 24 वर बोट टेकलं की स्वतःच ओरडतं बघा!

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ओळख असेल तर मागावर न्या. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं दाखवा. भोक आहे की नाही, एवढ्यावरच कुठला ताणा (उभा धागा) उचलायचा ते ठरतं. (खटखटाटात बोलणं ऐकू येत नाही, प्रश्न बाहेर आल्यावर विचारा.)

मसावि दुसऱ्या दिवशी. कंटाळलं, तर चादरीची घडी त्यालाच घालू द्या: अर्धी, पाव, अष्टमांश.