ब्रिटिश नंबरची गाडी जर्मनीत भंगारात देताना

ब्रिटनहून जर्मनीत येताना गाडी सोबत आणली आणि आता ती भंगारात काढायची आहे. गाडी गेली तरी डीव्हीएलएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी संस्थेच्या, नोंदीत नाव तुमचंच राहतं आणि रोड टॅक्सची जबाबदारीही. ते असं टाळा:

१. गाडी अधिकृत मोडणी केंद्रातच द्या. तिथून ‘फेरवेर्टुंग्सनाखवाइस’, म्हणजे गाडी मोडल्याचा दाखला, हातात घेतल्याशिवाय निघू नका. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याची साधी पावती इथे चालत नाही.

२. व्ही५सी लॉगबुकमधला, म्हणजे गाडीच्या ब्रिटिश नोंदणीपत्रातला, ‘कायमची निर्यात’ (गाडी कायमची देशाबाहेर गेली) हा भाग भरून, सही करून फाडा. त्याला दाखल्याची प्रत जोडा आणि स्वॉन्सीला डीव्हीएलएकडे पोस्टाने पाठवा. आधी सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

३. सोबत नव्या पत्त्याचं साधं पत्र हवंच. उरलेल्या टॅक्सचा परतावा लॉगबुकवरच्या पत्त्यावर जातो, म्हणजे तुम्ही सोडलेल्या घरी! परतावा फक्त पूर्ण महिन्यांचा मिळतो आणि कागद डीव्हीएलएकडे पोचल्या तारखेपासून धरतात. म्हणून महिनाअखेरीची वाट पाहू नका.

हौसेने घेतलेला खास नंबर असेल तर तो निर्यात कळवण्याआधीच ८० पौंड भरून राखून ठेवा.

गाडी चालू आहे म्हणून भंगाराऐवजी विकायचा विचार असेल, तर एक सांभाळा: देश बदलताना घरसामानावर मिळणाऱ्या सवलतीत कस्टम ड्युटी न भरता आणली असेल, तर आयातीपासून १२ महिने ती विकता, भाड्याने देता किंवा कुणाला वापरायलाही देता येत नाही. दिलीत तर माफ झालेला कर भरावा लागतो.