सुंठ-दालचिनीची जिंजरब्रेड बिस्किटं

११५ ग्रॅम मऊ बटर आणि १०० ग्रॅम ब्राउन शुगर फेटा, मग १ अंडं आणि १२० मिली मोलॅसिस घाला. काकवीही चालते. मोजायच्या वाटीला आधी तेलाचं बोट फिरवलं तर काकवी आत चिकटून राहत नाही.

३५० ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे सुंठपूड, २ दालचिनीपूड, पाव चमचा लवंगपूड, अर्धा चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात मिसळा. लवंग हात राखूनच, जास्त झाली की तोंड बधिर होतं. गोळा हाताला चिकटेल, पण म्हणून मैदा वाढवू नका, बिस्किटं दगड होतात. थापून, झाकून २ तास फ्रिजमध्ये ठेवा.

बटर पेपरवरच ५ मिमी जाड लाटा, माणसाचे किंवा आवडीचे आकार कापा आणि आजूबाजूचं पीठ उचलून घ्या. पिठाचा माणूस उचलायला गेलात की त्याचे पाय लांबतात! मुलांचे हात लागून पीठ मऊ पडलं, तर ट्रे १० मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर कडा पसरतात.

१७५ अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ९-१० मिनिटं. रंगावर जाऊ नका, पीठ मुळात तपकिरीच असतं. कडा घट्ट, मध्य दाबल्यास किंचित मऊ, की काढा. गार होताना कडक होतात.

पूर्ण गार झाल्यावरच आयसिंग. १५० ग्रॅम आयसिंग शुगरला दीड मोठा चमचा दूध पुरतं.