पहिलीत चित्रालेख घेण्याआधीची तयारी

चित्रालेख म्हणजे चित्रे किंवा वस्तू रांगेत मांडून कशाची संख्या किती हे दाखवणे. त्याआधी मुलांना गट पाडण्याचा आणि मोजण्याचा सराव हवा, म्हणून सर्वांत आधी बटणे जमवावीत. पुण्यात तुळशीबागेत ती विकत मिळतात, पण पालकांकडून शिवणाच्या डब्यातली मागवलेली अधिक उपयोगी, कारण त्यांत रंग, आकार, दोन भोके आणि चार भोके अशी सरमिसळ आयतीच असते. चार मुलांमागे वीसेक बटणे आणि एक ताट पुरते. शर्टाची बारीक बटणे मात्र आधीच काढून टाकावीत, कारण मुले ती नाकात घालतात.

गट कसे पाडायचे हे आपण सांगायचे नाही, आणि हीच तयारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यासाठी ‘ही एकत्र का ठेवलीस?’ एवढाच प्रश्न मनाशी पक्का करावा व त्याच बटणांचे दुसऱ्या तऱ्हेने गट करायला वेळ राखून ठेवावा. मोजताना प्रत्येक बटण उचलून पलीकडे ठेवण्यासाठी ताटाशेजारी मोकळी जागा हवी. ओळ पसरली की बटणे वाढली असे अनेक मुलांना खरोखरच वाटते. तेव्हा चूक न दाखवता पुन्हा मोजू द्यावे.

आलेखासाठी वर्गाच्या पटाएवढ्या, एकाच मापाच्या रिकाम्या काडेपेट्या लागतील. एका वर्षी मी कागदावर बसने येणाऱ्यांसाठी बसची चित्रे मोठी आणि पायी येणाऱ्यांसाठी चपलांची लहान काढली होती; चार बसची रांग सहा चपलांच्या रांगेपेक्षा लांब झाली आणि सारा वर्ग ‘बस जास्त’ म्हणाला. मुलांनी जे दिसले तेच सांगितले होते, चूक माझ्या चित्रांची होती. तेव्हापासून मी काडेपेट्याच वापरते आणि सगळ्या रांगा एकाच रेषेवरून सुरू व्हाव्यात म्हणून फरशीवर आदल्या दिवशीच खडूने रेघ मारून ठेवते.

प्रश्न असा असावा की उत्तर प्रत्येकाकडे असेल: आज शाळेत कसे आलात? पायी, दुचाकीवरून, रिक्षाने, पीएमपीने (म्हणजे शहर बसने), मेट्रोने अशी पाच चित्रे रेघेखाली चिकटवावीत, प्रत्येकाने स्वतःचे नाव लिहिलेली काडेपेटी आपापल्या रांगेत ठेवावी, आणि त्याच वेळी फळ्यावर ताळ्याच्या खुणा, म्हणजे प्रत्येकामागे एक रेघ, करत जावे. मेट्रोने कोणीच आले नसेल, तरी ते चित्र काढू नये. त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून ‘इथे किती?’ असे विचारायचे आहे.