लाइट बिल वाढलंय? गेमिंग कन्सोल खरंच बंद आहे का बघा

ठाण्यात मी आणि धाकटा भाऊ, दोनच माणसं, तरी बिलात तीन महिने ५० एक युनिट जास्त. फ्रिजचं रबर बदललं, एसी सर्व्हिस केला, मीटर तपासायला अर्ज टाकला, डोकं आउट नुसतं. शेवटी प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून एकेक वस्तू मोजली तर रात्री टीव्ही बंद आणि पीएस५ (प्लेस्टेशन ५, आमचा गेमिंग कन्सोल) आपला २०० वॉट खातोय, धाकटे साहेब गेम पॉज करून फक्त टीव्ही बंद करून झोपायचे. ८ तासाचे १.६ युनिट, महिन्याचे ४८!

उपाय कन्सोलमध्येच: सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर सेव्हिंग. तिथे कन्सोल किती वेळाने आपोआप रेस्ट मोडमध्ये (म्हणजे झोपेत, कमी विजेवर) जाईल ती वेळ असते, त्यात 'ड्युरिंग गेमप्ले' १ तासावर ठेवलं (ते 'डोन्ट पुट'वर, म्हणजे कधीच झोपू नको, असं होतं, कोणी केलं कोणी सांगत नाही). मग तिथेच रेस्ट मोडच्या फीचर्समध्ये यूएसबी पॉवर आणि इंटरनेट दोन्ही ऑफ. आता रात्री मीटरवर जेमतेम १ वॉट.