स्टोरीबोर्ड दाखवताय? या चुका टाळा

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका मुलाचा मेसेज आला. सोबत त्याच्या फिल्मच्या स्टोरीबोर्डची, म्हणजे शॉटमागून शॉट गोष्ट सांगणाऱ्या चित्रांची, पीडीएफ. ८६ पॅनल, म्हणजे ८६ चौकटी. 'सर, बोर्डवर फीडबॅक द्या ना. उद्यापासून ॲनिमेशन सुरू करतोय.' उद्यापासून सुरू करणाऱ्याला फीडबॅक नको असतो, नारळ वाढवायला कुणीतरी हवं असतं. तरी मी विचारलं, 'पॅनल २३ मध्ये हा माणूस दारातून बाहेर येतोय की आत जातोय?' उत्तर आलं, 'ते ॲनिमेट झालं की कळेल.'

नाही कळत. बोर्डात जे कळत नाही ते ॲनिमेशनमध्येही कळत नाही, फक्त महाग होतं. साधा हिशोब करा. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. सहा सेकंदांचा एक शॉट म्हणजे ७२ चित्रं. हाताने काढणाऱ्या, माझ्या वेगाच्या माणसाचे ते पाच-सहा दिवस. तोच शॉट बोर्डावरून काढून टाकायला पाच सेकंदही लागत नाहीत. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत गोष्टीची चित्रं सुट्या कागदांवर काढून भिंतीवरच्या बोर्डाला टाचायची पद्धत रुळली, त्यातली गंमत हीच होती. टाचणी काढली की चित्र खाली. आपण मात्र त्याची पीडीएफ करतो आणि लग्नाच्या अल्बमसारखी दाखवत फिरतो.

सगळ्यात मोठी चूक: दाखवताना बोलणं

ही मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी चार मिनिटांची फिल्म होती, संवाद नसलेली. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला बसून छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा, आणि शाळेत निघालेली एक मुलगी. बोर्ड तयार झाला तसा मी पाच मित्रांना दाखवला. लॅपटॉप मांडीवर, एकेक पॅनल पुढे सरकवतोय आणि तोंडाने सांगतोय: 'हा म्हातारा, छत्र्या नीट करतो. ही मुलगी. तिची छत्री वाऱ्याने उलटते. मग तो ती घेतो…' पाचही जण म्हणाले, मस्त आहे, हात घाल. घातला.

अकरा सेकंदांचं काम झाल्यावर भाऊबीजेला मावशीकडे डोंबिवलीला गेलो होतो. तिने सहज विचारलं, सध्या काय चाललंय. मी ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्डाचीच चित्रं वेळेनुसार लावलेला व्हिडिओ, मोबाइलवर सुरू करून तिच्या हातात दिला. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर मावशी म्हणाली, 'अरे, हा म्हातारा त्या पोरीची छत्री चोरतो का रे? आणि शेवटी परत का देतो? घाबरला का?'

पहिल्यांदा मला राग आला. मग बोर्ड उघडून बसलो. म्हातारा छत्र्या दुरुस्त करतो हे एकाही पॅनलमध्ये नव्हतं. त्याच्याभोवती छत्र्यांचा ढीग होता, बस. तो मुलीच्या हातातून छत्री घेतो आणि लगेच पुढच्या शॉटमध्ये पाठमोरा. मावशीला जे दिसलं ते तिने सांगितलं. 'छत्र्या नीट करतो' हे वाक्य चित्रात नव्हतं, माझ्या तोंडात होतं, आणि त्या पाचही मित्रांनी फिल्म पाहिली नव्हती, माझं कीर्तन ऐकलं होतं.

उपाय दोन पॅनलचा निघाला. सुरुवातीलाच म्हाताऱ्याचे हात, वाकलेली काडी सरळ करताना. मग सुईदोरा, कापडाला टाका. पण हे हात आल्यामुळे पुढच्या शॉटची चौकट बदलली, आणि केलेल्या १३२ चित्रांपैकी बहुतेक गेली. नऊ दिवसांचं काम.

तेव्हापासून माझी सवय अशी: फोन समोरच्याच्या हातात द्यायचा, आपण त्याच्या मागे उभं राहायचं, आणि तोंड बंद. अगदीच राहवत नसेल तर तोंडात सुपारी धरा. नजर पडद्यावर नको, त्याच्या मानेवर हवी. माणूस जिथे मागे नेऊन पुन्हा बघतो किंवा अंगठ्याने पुढे ढकलतो, तो पॅनल नंबर वहीत टिपायचा. संपल्यावर 'कसं वाटलं?' विचारायचं नाही. त्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, आणि ते चहाबरोबर येतं. विचारायचं, 'काय झालं ते मला सांग.' तो गोष्ट सांगताना जे गाळेल किंवा स्वतःच्या पदरचं घालेल, तिथे बोर्ड फाटलेला आहे.

दुसरी: गुळगुळीत बोर्ड दाखवणं

नवीन मुलांचा याबाबतीत उत्साह बघवत नाही. प्रत्येक पॅनलला शेडिंग, प्रकाश, ढगांना गुलाबी कड. हल्ली तर एआयकडून पॅनल काढून आणतात. त्यात दर चौकटीत नायिकेचं नाक वेगळं असतं, पण मागची भिंत इतकी झकास की बघणारा भिंतीचंच कौतुक करत बसतो. सुंदर चित्र समोर आलं की 'हा शॉट काढून टाक' म्हणायची कुणाची हिंमत होत नाही. मेहनत दिसते ना. आणि खरं सांगायचं तर काढणाऱ्यालाही ते टाकवत नाही. दोन दिवस शेडिंग केलेल्या पॅनलसाठी लोक कोर्टात भांडावं तसे भांडतात.

काडीची माणसं काढा. कोण कुठे उभा आहे, कुठे बघतोय, कॅमेरा किती जवळ आहे, एवढं कळलं की पुरे. मी पहिली फेरी चिकटचिठ्ठ्यांवर मार्करने करतो. त्यावर बारीक काम करताच येत नाही.

बाकीच्या चुका पटापट.

पॅनलला नंबर न घालणं. 'तो खिडकीवाला' अशा चार खिडक्या निघतात. १०, २०, ३० असे नंबर द्या, मध्ये नवा पॅनल आला तर १५ मोकळा असतो.

व्हॉट्सॲपवर पॅनल फोटो म्हणून पाठवणं. दर्जा खाली येतो आणि बारीक रेघा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नावात तारीख घाला. 'फायनल_फायनल_२' नावाची फाइल मी उघडत नाही.

फक्त ॲनिमेटर मित्रांना विचारणं. ते गोष्ट सोडून तुमची लाइन, म्हणजे रेघ कशी काढली, तेवढंच बघतात. मी तिघं धरतो: एक चित्र काढणारा, एक एडिटिंग करणारा, आणि एक ज्याचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही.

वाद घालणं. घालू नका.

लोक म्हणतात एक, दुखणं असतं दुसरीकडे

'मध्ये जरा लांबलं' असं कुणी म्हटलं की नवशिका तिथले शॉट छाटतो. थांबा. पॅनल ६० ला कंटाळा आला असेल तर बहुतेक वेळा ४०च्या आसपास काहीतरी कळलेलं नसतं, आणि तेव्हापासून माणूस नुसता बघत असतो.

'इथे काहीतरी विचित्र वाटलं' म्हटलं, तर आधी दिशा तपासा. दोन पात्रांमधून एक रेषा कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला आहे का बघा. मधेच पलीकडे गेला असेल, तर डावीकडचा माणूस अचानक उजवीकडे जातो आणि दोघं एकमेकांऐवजी एकाच बाजूला बघताना दिसतात. बघणाऱ्याला नियम माहीत नसतो, खटकतं मात्र नक्की.

'म्युझिक टाकलं की भारी वाटेल' म्हणजे माणूस तुमचं मन राखतोय.

आणि सुचवलेला उपाय जसाच्या तसा उचलू नका. माझ्या एका शॉटवर तिघांनी सांगितलं, 'मुलीला इथे रडताना दाखव.' वहीत मी लिहिलं: वाईट वाटलेलं पोचलं नाही. मुलगी रडली नाही. तिच्या पाठमोऱ्या शॉटवर फक्त दोन सेकंद जास्त थांबलो, ४८ फ्रेम. पुढच्या फेरीत ती सूचना कुणीच केली नाही.

एक गोष्ट मात्र जपून वापरा: पहिल्यांदा बघणारा माणूस. एकदा पाहिलं की तो संपला, दुसऱ्या फेरीत त्याला गोष्ट आधीच माहीत असते. घाईघाईत कच्चा बोर्ड चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकणारे एका रात्रीत सगळे प्रेक्षक खर्च करून बसतात. मी दर फेरीला दोनच नवे लोक वापरतो आणि एक अगदी शेवटच्या ॲनिमॅटिकसाठी राखून ठेवतो. मावशी आता उपयोगाची राहिली नाही, म्हातारा दिसला की ती आधीच 'हा चांगला आहे' म्हणते. सध्या तिच्या शेजारच्या काकूंवर माझा डोळा आहे.