पोनीचे दात तपासायचं सामान घेताय? या चुका टाळा

माथेरानला गाड्यांना बंदी, त्यामुळे तिथे पोनीच्या पाठीवर कितीतरी घरं चालतात. नाल झिजली की लगेच दिसते, पण दाढ बोचतेय हे जनावर सांगणार कसं? कडब्याचे अर्धवट चावलेले गोळे तोंडातून खाली पडायला लागले, लिदीत लांब लांब काड्या दिसल्या, लगाम ओढला की मान वाकडी करतोय, तर तोंड बघायलाच हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोठ्या घोड्याच्या मापाचा स्पेक्युलम आणणं. स्पेक्युलम म्हणजे तोंड उघडं धरून ठेवायची स्टीलची चौकट. मीही पहिल्यांदा तोच आणला, पट्ट्या पोनीच्या पुढच्या दातांपेक्षा रुंद, त्यामुळे दातांवर न बसता हिरड्यांवर टेकल्या, त्याला दुखलं आणि त्याने मान झटकली तशी ती जड चौकट माझ्या हाताला लागली. थोडं वर लागलं असतं तर तोंडच फुटलं असतं. म्हणून आधी पुढच्या दातांची रांग या कडेपासून त्या कडेपर्यंत टेपने मोजा, पोनी साइजच्या पट्ट्याच मागा, आणि कानामागच्या पट्ट्याला पुरेशी आत भोकं आहेत ना तेही बघा, कारण पट्टा ढिला राहिला की बरोबर मापाची चौकटसुद्धा सरकते.

पैसे वाचवायला एका बाजूच्या दाढांमध्ये अडकवून तोंड उघडं ठेवायचा गॅग घेऊ नका, सगळा जोर एकदोन दाढांवर येतो आणि दाढ तुटू शकते.

हेडलाइट चांगला घ्या. मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात तिथेच अडकतो आणि मागच्या दाढा अंधारातच राहतात.

दिसत नाहीये? आधी मोठ्या सिरिंजने तोंड धुवा, चारा साचलेला असतो. दाढा बघायच्या आरशावर वाफ धरते, तो कोमट पाण्यात बुडवून मग आत घाला. लहान चणीच्या पोनीत जबड्याच्या मानाने दाढा मोठ्या असतात, दाटीवाटी होते, फटीत चारा कुजतो, म्हणून लांब दांड्याचा आरसा आणि प्रोब (फटी चाचपायची बारीक सळई) पाहिजेच. वरच्या दाढांची धार गालाकडे असते, खालच्यांची जिभेकडे, दोन्हीकडे बघा.

बरेच जण सामानाबरोबर रास्पही (दात घासायची कानस) घेतात, कृपया नको! दात वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटरच वर येतो, जास्त घासला गेला तर लवकर भरून निघत नाही. घासायचं काम आणि गुंगीचं इंजेक्शन दोन्ही पशुवैद्यकाचंच. आणि पोनी झटापट करत असेल तर दोर आवळून जबरदस्ती करू नका, चौकट काढा आणि डॉक्टर येईपर्यंत थांबा. शांत उभा असला तरी तोंड सलग ताणून ठेवू नका, मधेमधे चौकट सैल करा, जबडा दुखतो त्याचा.

एकच सेट चार तबेल्यांत फिरत असेल तर प्रत्येक पोनीनंतर घासून धुवा, मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात बुडवा. चामड्याचा पट्टा नीट निर्जंतुक होत नाही, नायलॉनचा मिळाला तर तोच घ्या.