कोंबडी खुडूक झाली? आधी पेन्सिल शोधा

खुडूक म्हणजे अंडी घालायचं थांबवून ती उबवायला बसलेली कोंबडी. पण कोंबडी फुगून बसली, हात नेला की टोचायला लागली, म्हणून लगेच तिच्याखाली ठेवायला अंडी आणायला धावू नका. दोन रात्री ती जागा सोडत नाही ना, ते बघा. अंडी कोंबडा फिरतो त्या खुराड्यातली, हे सांगायला नको. फ्रिजमधली, धुतलेली, आठवड्याहून जुनी नकोत. साठवताना निमुळतं टोक खाली.

आणि पेन्सिल. साधी शिसपेन्सिल, मार्कर नको, कवचाला छिद्रं असतात. प्रत्येक अंड्यावर बसवल्याची तारीख घाला. कंटाळा आला तर निदान फुली मारा, पण एकही सोडू नका. कारण दुसऱ्या कोंबड्या ती बसते त्याच पाटीत, म्हणजे टोपलीत, येऊन खुशाल अंडी घालून जातात. मागच्या खेपेला मी खुणा केल्या नाहीत आणि पाटी भरत गेली, तेव्हा मला वाटलं, बरंच झालं की! बरं कसलं? पहिली पिल्लं निघाली की कोंबडी एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते. मागाहून पडलेली अंडी गार होतात आणि आतली अर्धी वाढलेली पिल्लं मरतात. म्हणून रोज ती चरायला उठली की पाटीत बघायचं, बिनखुणेचं अंडं दिसलं की उचलायचं. खूण नसेल तर काय उचलणार?

दिवस मोजायचे ते अंडं घातल्यापासून नाही, ऊब लागल्यापासून. चार दिवसांपूर्वीचं आणि कालचं अंडं एकाच रात्री बसवलं तर दोन्ही 21 दिवसांच्या आसपासच फुटतात. बदकाला 28 दिवस लागतात, गिनी फाउलला 26 ते 28, जपानी बटेराला 17-18. बदकाची आणि कोंबडीची एकत्र काढायची हौस असेल तर बदकाची आधी बसवा, कोंबडीची 7 दिवसांनी. म्हणजे तारखा दोन. पेन्सिल!

पाटीत पेंढा, खाली थोडी राख. पिसवा झाल्या तर कोंबडी बसतच नाही. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. पोटाबाहेर एखादं दिसायला लागलं तर ते काढा, कारण ती अंडी सारखी फिरवते आणि मग पाळीपाळीने सगळीच गारठतात. बसवायची रात्री. दाणापाणी जवळ, पण पाटीत नाही. दिवसातून एकदा ती उठते, चरते, घाण करून परत येते. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत, मागे लागून तिला हुसकू नका.

सातव्या-आठव्या रात्री अंधारात टॉर्चवर अंडं धरा. लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या दिसल्या तर ठीक. नुसतं स्वच्छ दिसलं तर फळलेलं नाही, काढा. कुजलेलं अंडं पाटीत फुटलं की सगळी पाटी नासते.

अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. टोचा पडला, म्हणजे पिल्लाने आतून कवचाला पहिलं भोक पाडलं, तरी कवच सोलू नका, रक्त येतं. पिल्लांच्या पोटात बलक असतो, पहिला दिवस खायला नाही मिळालं तरी चालतं. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे. भरड कणी. पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडी रोगाची लस, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. रात्री डालगं, वर दगड. मांजर, मुंगूस, घार, सगळ्यांना कळलेलं असतं.